ज्या नावाला आई वळली नाही

आमच्याकडे मुलीचं नाव आत्या ठेवते. हा मान कागदावर कुठे लिहिलेला नाही, पण तो आत्याकडून काढून घ्यायची कुणाची छाती होत नाही. माझ्या धाकट्या भावाला लग्नानंतर आठ वर्षांनी मुलगी झाली, तेव्हा या मानाची मी किती वाट पाहत होते ते माझं मलाच कळलं. दवाखान्यातून त्याचा फोन आला आणि मी पहिलं काय विचारलं? बाळ कसं आहे, वजन किती, भावजय कशी आहे, यातलं काहीच नाही. मी म्हटलं, "नाव मी ठेवणार हं. ठरलंय माझं."

नावांच्या बाबतीत माझं डोकं तसं आधीपासून तापलेलं. मी भोरला राहते, प्राथमिक शाळेत शिकवते. दर जूनला पहिलीचं हजेरीपत्रक भरताना माझी चिडचिड ठरलेली. दोन-अडीच अक्षरांची नावं, सगळी एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं अशी. अर्थ विचारला की आई मोबाईल काढते. एकदा एका आईच्या मोबाईलनं सांगितलं, देवीचं रूप. शेजारी उभ्या असलेल्या बाईनं तेच नाव आपल्या मोबाईलवर शोधलं, तर एका जातीचं गवत निघालं. दोघी माझ्या टेबलापुढे भांडल्या. जुनी नावं गेली कुठे, असं मी प्रत्येक वर्षी वैतागून विचारते, आणि शेजारच्या वर्गावरच्या बाई प्रत्येक वर्षी तेच उत्तर देतात, "अहो, नाव हाक मारायला असतं. निबंध लिहायला नाही." मी त्यांच्याकडे दुर्लक्ष करायची.

पण भाचीच्या बाबतीत माझा हट्ट या रागातून आला नव्हता. तो दवाखान्यातून आला होता.

भाचीच्या जन्माआधी दोन वर्षं, ऐन आवणीत, आई हिर्डोशीच्या आमच्या खाचरात रोपं लावता लावता पडली. बायकांना वाटलं, चिखलात पाय घसरला. ती उठली नाही. टेम्पोत घालून तिला भोरला आणलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. डोळे अर्धवट उघडे, पण नजर कुठेच नाही. दुसऱ्या दिवशी एक नर्स मला म्हणाली, "ताई, हाका मारत राहा. आणि आई आई करू नका, इथे सगळेच आई म्हणतात. त्यांच्या नावानं मारा, मोठ्यानं."

जिच्या पोटी जन्म घेतला तिला नावानं हाक मारायची? माझी जीभ रेटेना. शेवटी मी तिच्या कानाशी वाकले आणि नाव घेतलं. मग जरा मोठ्यानं. मग इतक्या मोठ्यानं की पलीकडच्या खाटेवरचे नातेवाईक बघायला लागले. ते नाव मी इथे लिहीत नाही. नदीचं जुनं नाव आणि त्याला जोडलेलं 'बाई', एवढं सांगितलं तरी पुरे. पापणीसुद्धा हलली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

तेव्हापासून ती हाक माझ्या घशात अडकून बसली होती. मी हाक मारली आणि कुणी वळलंच नाही. भाचीला आईचं नाव द्यायचं, ती चालायला लागली की अंगणातून एकदा तिला त्या नावानं हाक मारायची, आणि तिनं मागे वळून बघायचं. मला एवढंच हवं होतं. हे मी कुणाला सांगितलं नाही. सगळ्यांना सांगितलं ते असं, की जुन्या नावांना वजन असतं, आजकालची नावं फुंकर मारली तर उडतील.

भावजय किकवीची. बी.कॉम. झालेली, हायवेवरच्या एका शोरूममध्ये नोकरी करणारी, तोंडानं गोड आणि मनानं पक्की. लग्नानंतर दोघं कापूरहोळला राहतात. तिनं पाचव्या महिन्यातच, मुलगी झाली तर म्हणून, नाव ठरवून ठेवलं होतं, माझ्या हजेरीपत्रकात तीन-चार वेळा तरी आलेलं. बारशासाठी त्या नावाचा फ्लेक्सही करायला टाकला होता, गुलाबी, कोपऱ्यात ढगांवर बसलेला हत्ती. मी फोनवर आईचं नाव सांगितलं.

"आक्का, आईंबद्दल मला काय कमी आहे का," ती म्हणाली. "पण तिला शाळेत चिडवतील हो."

"मी शाळेतच असते. कोण चिडवतं ते बघते मी."

"मग असं करू. कागदावर आईंचं ठेवू आणि घरात आमचं म्हणू."

"अजिबात नाही. एक घरात, एक कागदावर, असलं मला चालणार नाही. माणसाला एकच नाव असावं."

हे वाक्य मी इतक्या तोऱ्यात म्हटलं की आज आठवलं तरी मान खाली जाते. भावाला विचारलं तर त्याची इकडे आड तिकडे विहीर. तो "आक्का म्हणेल तसं" म्हणाला आणि फोन बायकोच्या हातात देऊन बाहेर गेला. चार दिवसांनी तिचाच फोन आला. "आत्याचा मान आहे, आक्का. ठेवा तुम्ही." आवाज सपाट होता. मी जिंकले म्हणून खूश झाले आणि त्या आवाजाकडे लक्ष दिलं नाही.

रविवारी एसटीनं हिर्डोशीला गेले. आबा, म्हणजे आमचे वडील, तिथे एकटेच असतात. नाचणी वाळत घातली होती, तिच्यापाशी बसून कोंबड्या हाकत होते. मी सांगितलं, बाळाला आईचं नाव ठेवतोय. ते काठीनं जमिनीवर रेघा ओढत राहिले. आबांच्या तोंडून आईचं नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं. "ऐकलं का" हीच तिची हाक. मला वाटलं, म्हाताऱ्याला भरून आलं.

"ठेवा," ते म्हणाले. "तुमाला बरं वाटंल त्ये ठेवा."

बारशाला या म्हटलं, तर म्हणाले, गुरं कोन बघनार. मी आग्रह केला नाही.

बारसं किकवीला, भावजयीच्या माहेरी. दारात फुगे होते. फ्लेक्सची गुंडाळी दोरी बांधून आतल्या कपाटावर टाकलेली मी येता-जाता पाहिली. सगळे जमले होते, फक्त आईची थोरली बहीण यायची होती. मावशीचं गाव वेल्ह्याकडे, डोंगराच्या कुशीत. कागदावर तालुक्याचं नाव आता बदललंय, पण एसटीत अजून सगळे वेल्ह्याचंच तिकीट मागतात. तिची सकाळची गाडी चुकली होती. शेजारच्या मुलीच्या मोबाईलवरून तिनं निरोप दिला, नसरापूरपर्यंत आलेय, पुढची गाडी बघते, थांबा. भावजय म्हणाली, "थांबू या ना थोडं." मी म्हटलं, "मावशी जेवायला येईल. पाहुणे कशाला खोळंबून ठेवायचे?"

पाळण्याखालून-वरून बाळ दिलं-घेतलं, आणि मी वाकून तिच्या इवल्या कानात आईचं नाव सांगितलं. कुर्रर्र! मागून बायकांनी माझ्या पाठीत बुक्के घातले. आमच्याकडे नाव ठेवणाऱ्या आत्याला हा प्रसाद मिळतोच, आणि किकवीच्या बायकांचे हात शेतातले. पाठ शेकून निघाली. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. भावजय पाळण्याच्या दोरीशी बसून बाळाचं टोपडं पुन्हा पुन्हा नीट करत होती, नीटच असलेलं.

मावशी आली तेव्हा दोन वाजून गेले होते. हातात पिशवी, पिशवीत तिनं स्वतः शिवलेली कुंची. पंच्याहत्तरी ओलांडलेली बाई, उन्हातून दोन गाड्या बदलून आलेली. पाणी प्यायली, पाय पसरून बसली, बाळाला मांडीवर घेतलं, कुंची घातली, गालावरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली. मग म्हणाली, "काय नाव ठिवलं गं आमच्या बाईचं?"

मी अभिमानानं सांगितलं, "आईचं!"

मावशीचा चेहरा उजळला. तिनं बाळाला वर उचललं आणि एका नावानं हाक मारली. माझ्या आईच्या नावानं नाही. ते नाव माझ्या ओळखीचं होतं. आमच्या थोरल्या चुलतीचं. मला वाटलं, वयानं गोंधळ झाला.

"अगं मावशे, ते थोरल्या काकूचं. आईचं नाव ठेवलंय." आणि मी आईचं नाव सांगितलं.

मावशीनं बाळ खाली घेतलं. "त्ये व्हय," म्हणाली. "त्ये तुमच्या घरचं नाव. आमच्या पोरीचं न्हवं त्ये."

मग तिनं सांगितलं. मोठ्यानं नाही, बाळाला थोपटत, जसं काही मला ते ठाऊकच असायला हवं होतं. आई सोळा वर्षांची, लग्न करून हिर्डोशीला आली. थोरल्या जावेचं नाव नेमकं तेच. आजी म्हणाली, एका घरात एका नावाच्या दोन सुना नकोत, हाक मारली तर कोण उठायचं? थोरली आधी आलेली, तिचं नाव राहिलं. धाकटीचं बदललं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, कुणाला न विचारता.

"पयल्या सनाला म्हायेरी आली तवा माज्या गळ्यात पडून लई रडली," मावशी म्हणाली. "म्हनली, आक्के, तिकडं मला हाक मारत्यात आन माजं ध्यानच न्हाई. सासू म्हनती, बहिरी पोर गळ्यात मारली. आन थोरलीला हाक मारली की मी उठून धावती. मग म्हनत्यात, तुला कुनी बलिवलं?"

ही गोष्ट मला माहीत होती. आमच्या आजीची ती आवडती गंमत होती. "तुमची आय आली तवा ठार बहिरी व्हती. आमच्या घरचं पानी प्याली आन कान आलं." आम्ही पोरं खदाखदा हसायचो. आईही चुलीपुढे हसायची. मी वर्गात मुलं लक्ष देईनाशी झाली की ही गंमत सांगितलेली आहे.

आणि आणखी एक. अंगणातून कुणी थोरल्या काकूला हाक मारली की भाकरी थापता थापता आईचा हात क्षणभर थांबायचा. मान जराशी वर व्हायची. मग पुन्हा थापणं सुरू. मला वाटायचं, जावेला कोण बोलावतंय याची हिला किती चौकशी! एकदा मोठेपणी तसं तिला बोललेही होते.

"मावशी, कधी सांगितलं का नाहीस?"

"कुनाला सांगायचं? समद्यांचीच बदलत्यात. माजं बी बदललं. पन मी माज्या नावाला लागले. ती न्हाई लागली." मावशीनं पदरानं तोंड पुसलं. "आमी दोघी एकल्या असलो की मी तिला जुन्या नावानंच म्हनायची. लेकरागत हसायची. आय मेल्यावर तिला तसं म्हननारी मी एकलीच उरले." आणि मग, माझ्याकडे न बघता, "दवाखान्यात व्हती तवा मला सांगावाच आला न्हाई. मी आले असते तर एक हाक मारली असती."

सांगावा आला नाही, कारण तो मी धाडायचा होता. त्या गडबडीत राहून गेला. मावशीला कळलं तेव्हा आई गेली होती.

मला कळतं, तिनं कुठल्याच हाकेला ओ दिली नसती. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं, मी शिकलेली बाई आहे. पण दोन दिवस मी तिच्या कानात ओरडत होते ते नाव तिचं नव्हतं, हे आता कळल्यावर शिकलेलं काही उपयोगी पडत नाही. मरणाच्या दारातसुद्धा मी तिला आमच्या घरचीच हाक मारली. मी तिथेच, घुगऱ्यांच्या पातेल्याशेजारी, बायकांसमोर रडले.

थोड्या वेळानं मला सुचलं ते माझ्या स्वभावाप्रमाणेच. डोळे पुसून मी म्हटलं, "मग आईचं खरं नाव ठेवू या. आत्ता. बदलू."

मावशीनं माझा हात घट्ट धरला. "बस कर पोरी. तिचं नाव तिचं तिला ऱ्हाऊ दे. हिला हिची आय काय म्हनती त्ये तर इचार. का हिचं बी दुसऱ्याच दिशी बदलायचं?"

बारा दिवसांत हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता. भावजय आत बाजेवर बसली होती. मी गेले आणि म्हटलं, तुझं ठरलेलं ठेव, माझं चुकलं. मला वाटलं, ती रागानं बोलेल, निदान एखादा टोमणा मारेल. ती बाळाच्या पायाची बोटं मोजल्यासारखी चाळवत राहिली.

"आक्का," ती म्हणाली, "तुमचा फोन आल्यापासून मी हिला हाकच मारली नाही. माझ्या तोंडात ते एकच येतं, आणि ते म्हणायचं नव्हतं. दूध पाजताना पण मी गप्प बसायचे."

कपाटावरून तो फ्लेक्स काढू का, एवढंच मी विचारलं. ती म्हणाली, राहू दे आता, पाहुणे पांगले. "पण कानात तुम्हीच सांगा. मान तुमचाच आहे." मी बाळाच्या कानाशी वाकले आणि ते दोन अक्षरी नाव सांगितलं, अर्थ न विचारता. कुर्र केलं. या वेळी पाठीत कुणी मारलं नाही. बाहेर पंगतीची ताटं उचलत होते. मग भावजयीनं मुलीला हाक मारली, एकदा, दोनदा, मग किती वेळा ते मी मोजलं नाही; मी बाहेर आले.

पुढच्या रविवारी आबांकडे गेले. सगळं सांगून विचारलं, "तुम्हाला तिचं आधीचं नाव माहीत होतं?"

"व्हय. सुपारी फुटली तवाच ऐकलं व्हतं."

"मग एकदा तरी हाक मारायची होतीत, आबा. घरात कुणी नसताना तरी."

"बायकुला नावानं कोन हाक मारतंय," ते म्हणाले. मग उठून गोठ्यात गेले आणि अंधार पडेपर्यंत बाहेर आले नाहीत. मला राग आला होता, पण कुणावर काढायचा ते कळेना. काढण्यासारखी माणसं बहुतेक वर गेलेली, आणि उरलेला हा एक म्हातारा, गोठ्यात उगाचच शेण ओढत बसलेला.

भाची आता दुडुदुडु धावते. तिच्या नावाला ती वळते, हसते, कधी मुद्दाम वळत नाही. जूनमध्ये माझी चिडचिड अजून होते. फक्त आता मी नावाचा अर्थ विचारत नाही, घरी काय हाक मारता ते विचारते.

सुट्टी लागली की मी मावशीकडे जाऊन चार दिवस राहते. आई असताना दहा वर्षांत दोनदा गेले असेन. आता दर सुट्टीत जाते. मावशीला कमी दिसतं. मी तिला विचारत राहते, आई लहानपणी कशी होती, आणि ती सांगते, गुरांमागं जायची, करवंदं खाऊन तोंड काळं करून यायची, खोटं बोलली की कान लाल व्हायचे. या बाईला मी कधी भेटलेच नाही असं वाटत राहतं.

गेल्या दिवाळीत एका संध्याकाळी मी मावशीच्या परसात दोरीवरचे कपडे काढत होते. मावशी ओट्यावर बसली होती. ऊन कलतं, माझी पाठ तिच्याकडे. लोक म्हणतात, मागून मी हुबेहूब आईसारखी दिसते. मावशीनं हाक मारली. माझ्या नावानं नाही. आईच्या, तिच्या स्वतःच्या नावानं, ओढून, शेवटचं अक्षर लांबवत, डोंगरातून एकमेकींना हाक मारावी तशी.

पुन्हा एकदा मारली. मला तिला ओरडून सांगता आलं असतं, मावशे, मी आहे.

"व्हय, आले," मी म्हटलं, आणि वळले.